पूजेचं बटण

माझी बायको राहेल मे महिन्यात गेली. दसऱ्याला मला भांडगावला एकट्यानं जायचं होतं. सकाळी लवकर उठून मी बूट घातले आणि शिरूरच्या घरात बराच वेळ तसाच खुर्चीत बसून राहिलो. जायचं नव्हतं. पण आनंदरावांचा दोनदा फोन आला, "भाऊ, दरवर्षी ताई यायच्या. तुम्ही आल्याबिगर बटण दाबणार न्हाई." मग उठलो.

आमचं काम आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कोंबड्यांच्या ज्या बंद शेड असतात, त्यांना इकडे ईसी शेड म्हणतात. त्यांना खिडक्या नसतात. एका टोकाला मोठे पंखे आणि दुसऱ्या टोकाला पाण्यानं भिजवलेले पॅड असतात. पंखे हवा ओढतात म्हणून आत पक्षी जगतो. कोणत्या वेळी किती पंखे लावायचे हे ठरवणारी पेटी आम्ही नवराबायको बनवायचो. वायरिंग माझं आणि आतला प्रोग्रॅम राहेलचा. ती इंजिनिअर होती, मी आयटीआय केलेला वायरमन. भांडगावला आनंदरावांच्या शेडवर आणि वरवंडला सावळाराम आबांच्या शेडवर आमच्या पेट्या आहेत. आणखी दोन शिरूरकडे आहेत, त्यांचा इथं संबंध नाही.

पेटी कधी बंद करायची नसते. लाईट गेली तर ती आतल्या बॅटरीवर चालते आणि पंखे जनरेटरवर. पण दसऱ्याला आमचे शेतकरी ट्रॅक्टर, मोटर, कडबाकुट्टी, सगळं थांबवून पुसतात, हळदकुंकू लावतात, झेंडू वाहतात. चालत्या यंत्राला कुंकू लावायचं नाही, असा आनंदरावांच्या आईचा, साखरबाईंचा नियम. पहिल्या दसऱ्याला त्यांनी पेटीची वायर उपटली, बॅटरी काढली आणि आतल्या मेमरी कार्डावरचा प्रोग्रॅम सगळा बिघडला. राहेल चिडली नाही. तिनं पेटीच्या दाराला एक पिवळं बटण बसवलं. ते दाबलं की पेटी नीट आवरून बंद व्हायची. पेटीतली वीज पूर्ण गेली की एक स्विच आपोआप मागं पडायचा आणि पंखे डायरेक्ट, म्हणजे पेटीला न विचारता, सगळे चालू व्हायचे. पूजा होईपर्यंत पक्ष्यांना हवा मिळायची. पूजा झाली की मेन स्विच खाली-वर करायचा आणि पेटी परत सुरू. लोक त्याला पूजेचं बटण म्हणू लागले. वर्षातून एकदाच ते दाबलं जायचं.

ते बसवताना राहेल पंधरा दिवस त्याच्यामागं होती. मी म्हटलं, बंद करायला एवढं काय लागतं. ती म्हणाली, "चालू व्हायचं सगळ्या बोर्डांना येतं. बंद व्हायचं प्रत्येकाला वेगळं शिकवावं लागतं."

मग तिनं भाजी निवडता निवडता मला सांगितलं. पेटीच्या आत बोर्ड, म्हणजे छोटा कॉम्प्युटर असतो; त्यातल्या मुख्य प्रोग्रॅमला कर्नल म्हणतात. बंद हो म्हटलं की तो बाकीच्या सगळ्यांना थांबवतो, कार्डावरचं लिहिणं पुरं करतो. शेवटी एकच काम राहतं, वीज तोडायचं. ते त्याला स्वतःला येत नाही. टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये बोर्डातलाच दुसरा प्रोग्रॅम ते करतो. मोबाईलमध्ये वीज सांभाळणारी वेगळी चिप असते. आमच्या पेटीत तिनं बोर्डाची एक पिन त्यासाठी राखून ठेवली होती, तिच्यावरचा सिग्नल गेला की वीज तुटायची. कर्नल फक्त विचारतो, इथं वीज तोडणारा कोण आहे. बोर्डाच्या माहितीच्या फाईलमध्ये कुणाचं नाव असेल तर त्याला हाक मारतो.

"आणि नाव नसेल तर?" मी विचारलं होतं.

"तर तिथंच थांबतो. काम करत नाही आणि जातही नाही."

ऑगस्टमध्ये भांडगाव आणि वरवंड, दोन्हीकडचे बोर्ड विजेच्या झटक्यानं गेले. जुना बोर्ड आता मिळत नाही. पुण्याच्या दुकानदारानं त्याच घराण्यातला पुढचा बोर्ड दिला. राहेलच्या हाताखाली शिकलेली प्रिन्सी पुण्यात नोकरी करते. ती फोनवर म्हणाली, "काका, नव्या बोर्डाची माहितीची फाईल वेगळी असते. मॅडमचा लॅपटॉप पाठवा, मी बघून देते." लॅपटॉप कपाटात होता. तो घराबाहेर द्यायचा नाही, दुसऱ्या कुणाचा हात त्याच्यात जायचा नाही, असं माझं झालं होतं. मी राहेलचं कार्ड जसंच्या तसं नव्या बोर्डात घातलं आणि ते सुरू झालं. पंखे, पॅडचा पंप, दिवे, भोंगा, मोबाईलवरचा मेसेज, एकेक तपासलं, सगळं बरोबर. प्रिन्सीला कळवलं, काही लागणार नाही. शेतकऱ्यांना सांगितलं, नवा बोर्ड जुन्यापेक्षा चांगला आहे.

बंद करून बघितलं नाही. एरवी ती पेटी कुणी बंद करतच नाही.

भांडगावला पोचलो तेव्हा पूजेची तयारी झाली होती. शेडच्या बाहेर पेटीची छोटी खोली आहे. तिथं पाटावर विळे, कुऱ्हाड, पान्हे मांडले होते, आणि कडेला घरातले सगळे मोबाईल, बंद करून, ओळीनं. प्रत्येकावर कुंकवाचं बोट.

"मोबाईल पण व्हय?" मी विचारलं.

"आता तेच हत्यार," आनंदराव म्हणाले. "आईचा हुकूम. वरवंडच्या आबांनी पण हेच चालू केलंय. आईनंच शिकवलं."

साखरबाई म्हणाल्या, "वरीसभर कानाला लावून बसत्यात. तासभर गप पडू द्या की. बन्यामीन, दाब बाबा बटण. ताईची आठवण येती रं."

मी बटण दाबलं. पंखे थांबले. ते दरवर्षी थांबतात, श्वासभर, मग डायरेक्ट सुरू होतात. पेटीच्या छोट्या पडद्यावर अक्षरं सरकली. शेवटी दरवर्षी तिथं 'पॉवर डाऊन' येतं आणि पडदा काळा होतो. या वेळी 'सिस्टिम हॉल्टेड' आलं आणि पडदा तसाच उजळ राहिला.

पंखे सुरू झाले नाहीत.

साखरबाईंनी कुंकवाची वाटी पुढं केली होती. मी पडद्याकडं बघत राहिलो. त्या दोन शब्दांत काय झालंय ते मला कळलं. कर्नलनं विचारलं होतं, वीज तोडणारा कोण. नव्या बोर्डाच्या फाईलमध्ये राहेलनं कुणाचं नाव लिहिलेलं नव्हतं. तो बोर्ड तिनं पाहिलाच नव्हता. म्हणून पेटी थांबली होती, पण तिच्यात वीज होती. वीज होती म्हणून स्विच मागं पडत नव्हता. पंखे पेटीच्या हुकमाची वाट बघत होते आणि हुकूम द्यायला आत कुणी नव्हतं. भोंगाही तिच्यावरच, तोही गप्प.

"भाऊ, पंखं?" आनंदराव म्हणाले.

मी पेटीचा मेन पाडला, दार उघडलं आणि बॅटरीची पिन ओढून काढली. पडदा विझला. खट्ट आवाज झाला आणि सगळे पंखे धडाधड सुरू झाले.

"झालं की," साखरबाई म्हणाल्या. "ताईबिगर जरा रुसली व्हती."

मला त्यांच्याकडं बघवेना. "आनंदराव, सावळाराम आबांची पूजा किती वाजता असते?"

"ते भटजीला इचारून करत्यात. दोनाच्या सुमाराला."

मी फोन लावला. बाईचा आवाज आला, फोन बंद आहे. आबांच्या सुनेला, वैष्णवीला लावला. तोही बंद. आबांच्या शेडवर कामाला बिहारी जोडपं राहतं, त्यातल्या नवऱ्याला लावला. त्यानं उचलला. मागं ढोल वाजत होता. "भैया, हम लोग दौंड में हैं, दुर्गाजी का विसर्जन है. सेठ ने छुट्टी दिया." शेडवर कोण आहे, विचारलं. "सेठ लोग होंगे ना पूजा में."

आनंदराव पाटावरच्या मोबाईलच्या ओळीकडं बघत उभे होते. त्यांना माझ्याआधी समजलं. "फोन बंद हायती म्हंजी पूजेत हायती," ते म्हणाले.

"तिथं कुणी ओळखीचं? आत्ता लगेच शेडवर जाईल असं?"

"मेहुणा हाय माझा, सत्यजीत. चौकात दुकान हाय त्याचं." साखरबाईंना न विचारता त्यांनी कुंकू लावलेला फोन उचलला आणि चालू केला. तो सुरू व्हायला लागलेला वेळ मला आठवतो. "मी लावतो, तुम्ही निघा. त्याला तुमचा नंबर देतो."

मी त्यांना म्हटलं, पूजा झाली की पिन घालून मेन वर करा, आणि गाडीला किक मारली.

सोलापूर रस्त्याला त्या दिवशी नव्या गाड्यांची रांग होती. हार घातलेले ट्रॅक्टर मधूनच चालत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झेंडूचे ढीग आणि घ्यायला थांबलेली माणसं. ऑक्टोबरचं ऊन. आबांची बॅच भरत आलेली होती, पुढच्या आठवड्यात कंपनीची गाडी उचलायला येणार होती. पक्षी दोन किलोच्या पुढं गेलेला. एवढा पक्षी स्वतःच तापतो. बंद शेडमध्ये हवा थांबली की आधी चोची उघडतो, मग पंख पसरतो, मग एकमेकांवर चढतो. अर्धा तास पुरतो.

मी मनात म्हणत होतो, दोन वाजायचे आहेत. अजून दाबलं नसेल.

चौफुल्याला फोन वाजला. गाडी कडेला घेतली.

"सत्यजीत बोलतोय. आनंदरावांनी पाठीवलं. शेडवर आलोय बघा. काय काळजी करू नका, सगळं शांत हाय."

मी विचारलं, "शांत म्हणजे?"

"म्हंजी काय न्हाई. बिनघोर या. गेटला कुलूप हाय. पूजा झाल्याली दिसती, हार घातलाय दाराला."

"पंख्यांचा आवाज येतोय का?"

"न्हाई. म्हणलं की शांत हाय."

"सत्यजीतराव, कुलूप तोडा."

"आं?"

"कुलूप तोडा आणि शेडची दोन्ही टोकांची दारं उघडा. आत पक्षी मरतायत."

"आवो, दसऱ्याच्या दिशी दुसऱ्याचं कुलूप तोडू? आबाला वळखता ना? पोलिसात द्यायचा मला."

"माझं नाव सांगा. बन्यामीननं तोडलं म्हणा. दगड घ्या."

"थांबा, आबाच्या घरी जाऊन किल्ली आणतो, गावातच तर—"

"जाऊ नका." मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. मी त्याच्या पाया पडतो म्हणालो, एवढं आठवतं. झेंडू विकणारी बाई माझ्याकडं बघत होती. पलीकडून लोखंडावर दगडाचे आवाज यायला लागले, बरेच. मग सत्यजीतचा आवाज, बदललेला.

"भाऊ, आत लई गरम हाय. पडल्यात वो. ढिगानं पडल्यात."

"दुसरं दार उघडा. मग पेटीच्या खोलीत जा."

"ह्या दाराच्या आत पायच ठिवता येईना."

"बाहेरनं फिरून जा. पेटीच्या खालच्या बाजूला मेन आहे, तो पाडा. मग दार उघडा, काळी बॅटरी दिसेल, तिची पिन ओढा."

"पेटीला हात लावू? कुंकू लावल्यालं हाय, दिवा हाय म्होरं. आन् करंट बसला तर?"

"नाही बसत."

"मी दुकानदार माणूस हाय भाऊ. मी दारं उघडतो. ते तुम्ही येऊन करा."

मी गाडी काढली. त्याच्यावर रागवायला जागा नव्हती. त्यानं बॅटरी ओढली असती तर दहा मिनिटं वाचली असती. पण कुलूप त्यानंच तोडलं.

वरवंडला पोचलो. शेड गावाबाहेर, कालव्याच्या अलीकडं. गाडी पाडूनच मी खोलीत पळालो. पेटीला झेंडूचा हार होता, पिवळ्या बटणावर कुंकवाचं बोट, खाली समई अजून जळत होती आणि पडद्यावर तेच दोन शब्द. मेन पाडला. पिन ओढली. पंखे सुरू झाले.

सत्यजीत दारात उभा होता. आत पंख्यांचा वारा शिरला तशी मेलेल्या पक्ष्यांची पिसं उडाली. दोन्ही दारांजवळचे पक्षी जिवंत होते, चोची वासून बसलेले. मधली सगळी जागा पांढरी आणि गप होती. तिथं ते एकावर एक चढून मेले होते, माझ्या कमरेएवढे थर. हवा दारांकडून आली आणि मधे पोचली नाही.

सत्यजीत म्हणाला, "मी लवकर तोडायला पायजे व्हतं का?"

मी म्हटलं, "तुम्ही तोडलं म्हणून एवढे तरी आहेत."

आम्ही दोघं आत शिरलो. मेलेल्यांच्या खाली जिवंत होते. वरचे काढून बाजूला फेकायचे आणि खालचे उचलून दाराशी नेऊन ठेवायचे. काही हातातच जात होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग आबा आले. सत्यजीतनं कुणाला तरी घरी पाठवलं होतं.

सावळाराम आबा सत्तरीचे. त्यांना कमी ऐकू येतं. त्यांच्यामागं त्यांची बायको तुळजाबाई आणि सून वैष्णवी, दोघी पूजेच्या साड्यांत. आबा दारात उभे राहिले. आत आले नाहीत. टोपी काढून हातात घेतली.

वैष्णवी म्हणाली, "भटजींनी औंदा मुहूर्त लवकरचा दिला व्हता. पंखं थांबल्यालं मला कळलं व्हतं भाऊ. बटण मीच दाबलं. मला वाटलं नवा बोर्ड हाय, तुम्हीच म्हणला व्हता चांगला हाय म्हणून. म्हणलं नवीन हाय तर आवाज करत नसंल. पूजा उरकली आन् जेवायला गेलो." ती भिंतीला धरून खाली बसली.

"हितं कशाला बसतीस, ऊठ," तुळजाबाई तिला म्हणाल्या, पण त्याही तिच्याशेजारी बसल्या.

आबा माझ्याजवळ आले. माझ्या हातात मेलेला पक्षी होता, तो त्यांनी घेतला आणि बाकीच्यांवर ठेवला. मग मोठ्यानं बोलले, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं.

"बन्यामीन, मशीन हाय, चुकायचंच. ताईनं किती केलं आमच्यासाठी. तिचं काय चुकलं असंल तर आता तिला काय म्हणायचं? मेल्या माणसाला बोल लावायचा न्हाई. मी गावात बी कुणाला म्हणणार न्हाई."

ते मला वाचवत होते. मी मान डोलावली असती तर विषय तिथंच संपला असता. राहेलकडून राहिलं, बिचारी गेली, असं सगळ्यांनी धरलं असतं आणि मला कुणी काही विचारलं नसतं.

"तिचं काही चुकलं नव्हतं आबा."

"आं?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. "तिनं केलेलं जुन्या बोर्डाला बरोबर होतं. नव्या बोर्डाला बंद व्हायचं शिकवावं लागतं. मी ते करून घेतलं नाही. एक मुलगी करून द्यायला तयार होती, मी नको म्हणालो. बंद करून बघितलंही नाही."

त्यांनी सगळं ऐकलं. "नको का म्हणलास?"

"राहेलच्या कामात दुसऱ्याचा हात नको वाटला."

आबांनी टोपी घातली. ते शेडच्या मधल्या ढिगाकडं वळले. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"आता डायरेक्टवर चाललंय ना?" त्यांनी विचारलं.

"हो. पण पेटी परत लावतो आबा. बॅटरीची पिन घातली की ती सुरू होईल, नीट चालेल. फक्त बंद व्हायला—"

"त्या पेटीला हात लावायचा न्हाई."

"आबा, रात्री गार पडेल. सगळे पंखे असेच राहिले तर राहिलेला पक्षी गारठून मरेल. पेटी कमी-जास्त करते."

"मग तू कर," आबा म्हणाले. "तिथं स्विचा हायत. कंपनीची गाडी पक्षी नेईस्तवर तू कर. पेटी चालू झालेली मला दिसता कामा न्हाई." आणि ते वैष्णवीला उठवायला गेले.

गावातली माणसं खड्डा खणायला आली. जेसीबीवाला दसऱ्याला मिळेना, म्हणून पाचसहा जण कुदळी घेऊन आले. मेलेले पक्षी पोत्यांत भरले. मी पोती उचलायला गेलो तर सत्यजीत म्हणाला, "तुम्ही स्विचाजवळ थांबा भाऊ. आबा बघत्यात."

ऊन उतरलं तसा मी एक पंखा बंद केला. मग आत जाऊन पक्ष्यांकडं बघितलं. हे राहेल कसं करायची ते मला आठवत होतं. ही शेड नवी असताना ती याच दारात खुर्ची टाकून दिवसभर बसली होती. पक्षी चोच उघडून बसला की तो तापलाय, एकमेकांना चिकटून बसला की गारठलाय, सगळीकडं सारखा पसरून दाणा खात असला की ठीक. हे बघायचं आणि लिहायचं, घरी येऊन प्रोग्रॅममध्ये घालायचं. मी तेव्हा तिच्या मागं पाईप ठोकत होतो आणि मला वाटायचं, ही नुसती बसलीय.

तिनं कुठला आकडा कुठं धरला होता ते मला माहीत नाही. ते पेटीत आहे आणि पेटी बंद आहे. मी नजरेनंच करत होतो. दोन पंखे कमी केले तर दाराजवळचे पक्षी चोची उघडायला लागले. एक परत लावला. मग मधल्या जागेतले, ढिगाखालून काढलेले, भिंतीकडं सरकून चिकटायला लागले. एकाच शेडमध्ये काही तापलेले आणि काही गारठलेले, आणि पंखे सगळ्यांना एकच.

मी प्रिन्सीला फोन लावला. काय झालं ते सांगितलं. ती रडायला लागली. मी म्हटलं, "उद्या सकाळी कुणाबरोबर तरी लॅपटॉप पाठवतो. भांडगावचं आधी कर. इथलं आबा लावू देणार नाहीत." ती म्हणाली, "काका, मॅडमची फाईल तशीच राहील. मी फक्त नव्या बोर्डाची एक ओळ वाढवते." मी बरं म्हटलं. तिनं विचारलं, पासवर्ड काय आहे. तो मला माहीत नव्हता. मी तसं सांगितलं आणि फोन ठेवला.

तुळजाबाईंनी ताट आणून पायरीवर ठेवलं. पूजेची पुरणपोळी होती. शेडमधून पक्ष्यांचा आवाज बारीक झाला म्हणून मी ताट तसंच ठेवून आत गेलो. ते भिंतीला चिकटले होते. मी बाहेर आलो आणि अजून एक पंखा बंद केला.